उरलेल्या गिरण्यांची वाटणी पूर्ण जमिनीवर करा

टाटा, पोदार, दिग्विजय, इंडिया युनायटेड नंबर ५. एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, मुंबईतल्या या कापड गिरण्या २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबल्या, त्या थांबल्याच. या जागांच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं असं चित्र दाखवलं जातं. त्याला माझा विरोध नाही. मी लालबागच्या चाळीत वाढलो. तळमजल्यावर पिठाची गिरणी, वाणी, इस्त्रीवाला आणि वर खाणावळवाल्या मावशी. गिरणीच्या पाळ्या सुटतील तशा त्यांच्या भाकऱ्या तव्यावर पडायच्या. घर आणि धंदा एकाच जिन्यावर होता. माझं भांडण आहे ते जमिनीच्या वाटणीवरून.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन हिस्से ठरवले. एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जागेपुरती उरली. आता हिशेब करा. गिरणी वीस एकरांची, त्यातल्या पंधरा एकरांवर शेड. जुन्या नियमाने पालिकेला साडेसहा एकर मिळाले असते, नव्याने जेमतेम दीड. शेड पाडून जी जागा मोकळी होईल, ती वाटणीत धरायचीच नाही! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे रोखलं होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरला.

त्याची फळं लोअर परळमध्ये रोज दिसतात. टॉवर चढले, पण रस्ते आणि स्टेशनं गिरण्यांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी कमला मिल कंपाउंडमधल्या आगीत १४ जण गेले. आणि १९८२ च्या संपात उतरलेल्या अडीच लाख गिरणी कामगारांच्या वारसांना आता घरं कुठे दाखवतात? शेलूला आणि वांगणीला. ज्या जमिनीवर बापाने रात्रपाळ्या केल्या, तिथून दोन तासांवर. मला हे सहन होत नाही.

या चार गिरण्यांचा मालक कोणी शेठ नाही, केंद्र सरकारचं महामंडळ आहे. मनात आणलं तर सरकार पूर्ण क्षेत्रफळावर वाटणी करू शकतं आणि कामगारांची घरं इथेच बांधू शकतं.

दुसरी मागणी शेडची. गिरण्यांची ती करवती छपरं नीट बघा. त्यांच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड पडतो आणि तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. असा उजेड शिलाईकामाला, रंगकामाला, मूर्तिकारांना आजही हवाच आहे. परळ-लालबागचे मूर्तिकार दरवर्षी जागेसाठी वणवण करतात, पावसाळ्यात ताडपत्रीखाली गणपती घडवतात. लालबागच्या मिरची गल्लीतल्या मसालेवाल्यांनाही जागा पुरत नाही. प्रत्येक गिरणीतली निदान एक शेड पाडू नका, दुरुस्त करा आणि परवडेल अशा भाड्याने या लोकांना द्या. टेंडर निघण्याआधी ही अट त्यात लिहून घेतली पाहिजे. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला हे आत्ताच विचारा.