कोळशाच्या गावात फुटबॉल क्लब चालवायचाय? मग हे वाचाच

तर तुम्हाला क्लब चालवायचाय, आणि तोही खाणीच्या गावात. घरी सांगितलंय का? नसेल तर इतक्यात सांगू नका, आधी जर्मनीतल्या गेल्सनकिर्शनच्या शाल्के ०४ चा अभ्यास करा. क्लब कसा चालवू नये याचा एवढा दांडगा अनुभव दुसरीकडे मिळणं कठीण.

सुरुवात स्वस्तात करायची. १९०४ साली गल्लीतल्या पोरांनी केली तशी. पोलंडकडच्या माझुरियातून खाणीत राबायला आलेल्यांची पोरं गावात होतीच, बाहेरून प्लेअर आणायची गरज नाही. पांढरपेशी मंडळी पोलंडवाल्यांचा क्लब म्हणून नाकं मुरडतील, तर मुरडू द्या. कुझोरा आणि शेपान हे मेहुणे-मेहुणे त्याच पोरांतले, आणि छोट्या छोट्या पासनी समोरच्याला असे गरगरवायचे की त्या खेळाला नावच पडलं ‘शाल्केचा भोवरा’. १९३४ ते १९४२ मध्ये सहा वेळा जर्मनीचे चॅम्पियन. तेव्हा तिथे राज्य कोणाचं होतं असं कोणी विचारलं तर विषय बदलायचा आणि १९३४ च्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला विनिंग गोल मारून कुझोरा मैदानातच कसा कोसळला ते सांगायचं, लोक ऐकत बसतात.

आता पैसा. तो नेहमी चुकीच्या वेळी द्यायचा. १९३० ला प्लेअरना ठरलेल्या भत्त्यापेक्षा जास्त दिला म्हणून अख्ख्या टीमवर बंदी आली आणि क्लबच्या खजिनदाराने कालव्यात जीव दिला. (यावर मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.) बंदी उठल्यावर पहिल्या मॅचला सत्तर हजाराच्या आसपास माणूस लोटला, म्हणजे बदनामीसारखी जाहिरात नाही हे लिहून ठेवा.

देण्याचं झालं, आता घेण्याचं. १७ एप्रिल १९७१, घरच्या मैदानावर बीलेफेल्डकडून ०-१ हरायचे माणशी २३०० मार्क. घेतले. वर कोर्टात शपथेवर सांगितलं की आम्ही नाही त्यातले, तेव्हापासून विरोधक त्यांना ‘खोटी शपथ एफसी’ म्हणतात.

ट्रॉफी जिंकायची नसेल तर २००१ चा धडा नीट गिरवा. आपल्या हाताखाली तयार झालेला गोलकीपर दुसऱ्या टीमला उसना द्यायचा. त्या सीझनच्या शेवटच्या दिवशी शाल्के ५-३ जिंकले, तिकडे बरोबरीवरही चॅम्पियन होणारी बायर्नची टीम हॅम्बुर्गमध्ये ०-१ मागे, पब्लिक मैदानात घुसून रडतंय, मिठ्या मारतंय, मॅच संपली असं कोणीतरी सांगूनही टाकलं. संपलेली नव्हती. हॅम्बुर्गच्या गोलकीपरने, हो तोच उसना दिलेला शोबर, आपल्याच खेळाडूने मागे दिलेला बॉल हातात धरला, जे नियमात बसत नाही, रेफ्रीने बायर्नला फ्री किक दिली, आणि ९४ व्या मिनिटाला त्यांच्या अँडरसनने गोल मारून बरोबरी केली. मैदानातली सगळी मोठ्या स्क्रीनकडे बघत उभी. चार मिनिटं ३८ सेकंदांचं चॅम्पियनपद! त्याबदल्यात ‘मनातले चॅम्पियन’ ही पदवी मिळाली, ती ठेवायला कपाट लागत नाही.

कोळसा संपत आला की गॅस घ्यायचा. गावातली शेवटची खाण २००८ मध्ये बंद झाली, त्याच्या आदल्याच वर्षी शर्टावर रशियाच्या गाझप्रोम या गॅस कंपनीचं नाव आलं होतं. हे पैसे येत असताना २०० मिलियन युरोंवर कर्ज कसं करायचं ही खरी कला. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर ते नाव शर्टावरून उतरवावं लागलं. खाण नसली तरी प्लेअर मैदानात येतात तो बोगदा मात्र खाणीसारखा सजवून ठेवा, फोटो छान येतात.

मग सलग ३० लीग मॅच जिंकायच्या नाहीत. ३१ चा जुना रेकॉर्ड होता तास्मानिया बर्लिनचा, तर तिथेही शाल्केने एक मॅच आधी ४-० जिंकून घोळ घातला. ज्यांना धड हरण्यातही पहिला नंबर काढता येत नाही त्यांना काय बोलणार! एकाच सीझनला पाच कोच झाले, त्यातला एक तर जुना, तात्पुरता बोलावलेला, आणि २० एप्रिल २०२१ ला लीगमधून खाली गेले. कोणाकडून हरून? बीलेफेल्ड. किती? ०-१. पन्नास वर्षांपूर्वी याच स्कोअरचे पैसे मिळाले होते, या वेळी फुकटात.

२०२२ ला वर आले, २०२३ ला परत खाली. आणि मॅचआधी साठ हजार माणसं अजूनही खाणकामगारांचं गाणं म्हणतात. मेंबर दीड लाखाच्या वर. फॉर्म कुठे मिळतो ते बघतोय, तुमच्यासाठीही एक आणू का?