"आता बरा दिसतोयस की" म्हणणाऱ्यांसाठी

आज दादाला ऑफिसात वरच्या साहेबांनी ऐकवलं, "आता तर बरा दिसतोयस की, अजून कसले दवाखान्याचे खेटे?" त्याने मला फोनवर हसत सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दादाच्या कारला भरलेल्या ट्रकने बाजूने ठोकलं होतं. असा मोठा ट्रक ३०-४० टनांचं धूड, कार दीड टनाच्या आसपास, मग टकरीचा धक्का कोणाच्या हाडामांसात शिरणार हे सांगायला नको. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला. पोटात रक्तस्राव होत होता म्हणून स्प्लीन, म्हणजे जंतूंशी लढणारी पोटातली प्लीहा, काढून टाकावी लागली. डोक्यालाही मार होता. त्या रात्री ज्यांनी त्याला वाचवलं त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

पण डिस्चार्ज कार्डावर पुढचं काय लिहिलं होतं? "ओपीडीत दाखवणे." बास. कोणाला दाखवणे, कशासाठी दाखवणे, काय झालं तर पळत येणे, काहीही नाही!

स्प्लीन नसलेल्या माणसाला काही जंतूंचा संसर्ग बघता बघता जिवावर बेततो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन जंतूंवरच्या लसी घ्याव्या लागतात, अचानक ऑपरेशन झालं असेल तर साधारण २ आठवड्यांनी. आणि ताप आला की घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे पुढे कायमचं. हे आम्हाला कधी कळलं? ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई दादाला बघायला आल्या, सहज वहिनीच्या हातातली फाइल चाळली आणि म्हणाल्या, "लसी झाल्या ना याच्या?" वहिनीचा चेहरा मला आजही आठवतो. त्या बाई त्या दिवशी आल्याच नसत्या तर?

मान्य, कॅज्युअल्टीत एका डॉक्टरच्या मागे डझनभर पेशंट असतात. असतील. तरी एक कागद नीट लिहून द्यायला काय जातं?

आणि लोकांचं काय सांगू. प्लास्टर नाही, काठी नाही, म्हणजे माणूस बरा. अहो, दादाचा गुडघा बघा एकदा. रॉड मांडीत आहे पण अडलाय गुडघा, कारण इतके दिवस पाय हलला नाही की आतले स्नायू चिकटून बसतात. फिजिओथेरपिस्ट ताई कोनमापक लावतात, पाय हळूहळू दाबतात, ९० अंशांच्या पुढे गेलं की दादा तोंडात टॉवेलचं टोक धरतो आणि कपाळावर घाम येतो, तरी म्हणतो "अजून थोडं दाबा". आणि त्या साहेबांना हे खेटे वाटतात. हाड धरतंय की नाही हे वरून कोणाला दिसत नाही हो, त्याला ठरावीक दिवसांनी एक्सरेच लागतो, नाही धरलं तर रॉडवर सगळा भार येऊन एक दिवस रॉडच मोडतो.

डोक्याच्या माराचं तर अजून वाईट. पहिला सीटी स्कॅन चांगला आला तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठून काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, विशेषतः वयस्कर माणसांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना. डोकं दुखतं, तोल जातो, माणूस विसरायला लागतो आणि घरचे म्हणतात वय झालं. तसंच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकदम धाप लागली तर वाट बघायची नाही, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते.

(प्रत्येकाला सगळ्याच तपासण्या लागतात असं नाही, हेही खरं.)

दादा अजून ट्रकचा हॉर्न ऐकला की फुटपाथवरसुद्धा जागीच थिजतो. रात्री दचकून उठतो. हे महिन्याहून जास्त टिकलं तर ते "मनाला लावून घेणं" नसतं, त्यालाही उपचार आहेत आणि ते हाडाच्या उपचारांइतकेच खरे आहेत. तो कोणाला सांगत नाही. मला सांगितलं तेही अंधारात, गॅलरीत उभं राहून. त्याला मी काय बोलणार, नुसती उभी राहिले शेजारी.

जाऊ दे, रागावून काय होणार. तुमच्या घरात असं कोणी आत्ता हॉस्पिटलातून घरी येत असेल तर एवढं करा. निघण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारा, पुढची तारीख कोणती, कोणत्या डॉक्टरकडे, कोणतं लक्षण दिसलं की त्याच रात्री यायचं. ऑपरेशनची नोंद, आत काय बसवलंय त्याचा कागद आणि स्कॅनची सीडी मागून घ्या, सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा. दोघांच्या म्हणतेय, कारण आमच्याकडे सगळं एकट्या वहिनीच्या डोक्यात होतं आणि ती कधी झोपत होती हे आम्ही कोणी विचारलंही नाही.