पुण्यावर कुठलाही उपग्रह ठाण मांडून बसलेला नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. आधी सी विंगच्या काकांकडून, मग त्यांच्या मेहुण्यांकडून, आणि शेवटी वर ‘खात्रीलायक’ असं ठळक अक्षरात जोडून पुन्हा काकांकडून. मजकूर थोडक्यात असा: शत्रूचा लष्करी उपग्रह पुण्याच्या बरोब्बर डोक्यावर ठाण मांडून बसलाय, खडकी, लोहगाव, एनडीए सगळं त्याच्या नजरेत आहे. त्यातून कधीही बॉम्ब पडेल. पण घाबरू नका, 2019 मध्ये आपण उपग्रह पाडून दाखवलाय. त्यांचे उपग्रह आपल्या उपग्रहांच्या मागे लागलेत, म्हणजे अवकाशात युद्ध सुरू झालंय. रात्री मोबाइल बंद ठेवा.

यातली मागे लागण्याची गोष्ट निराधार नाही, म्हणून ती शेवटी घेतो.

‘पुण्यावर ठाण मांडून’. जमिनीवरून एका जागी स्थिर दिसणारा उपग्रह फक्त विषुववृत्ताच्या वर, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर राहू शकतो. पुणे विषुववृत्ताच्या साडेअठरा अंश उत्तरेला आहे. इथून सरळ दक्षिणेला गेलात तर विषुववृत्त लागतं ते मालदीवच्या दक्षिण टोकापाशी, समुद्रात. पटत नसेल तर गच्चीवरच्या डिश बघा. सगळ्या दक्षिणेच्या अंगाला झुकलेल्या, डोक्यावर एकही रोखलेली नाही. जमिनीचे बारीक फोटो काढणारे हेर उपग्रह खूप खालून, काही शे किलोमीटरवरून फिरतात, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने. त्या वेगाने पुणे-मुंबई वीस सेकंदांत. खडकीचे फोटो कुणी काढत नाही असं मी म्हणत नाही, काढत असणारच. पण जाता जाता.

‘बॉम्ब पडेल’. उपग्रहातून वस्तू नुसती सोडली तर ती खाली पडत नाही, उपग्रहाच्या बरोबरीने फिरत राहते. खाली आणायची तर रॉकेट पेटवून तिचा वेग कमी करावा लागतो, तोही पुण्यापासून हजारो किलोमीटर आधी. म्हणजे ‘डोक्यावरून टाकला’ हे चित्रच चुकलं. 1967 च्या बाह्य अवकाश कराराने अण्वस्त्रं आणि इतर सर्वसंहारक अस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी केली आहे. साध्या शस्त्रांना मात्र त्यात बंदी नाही, आणि ‘करारच आहे की’ म्हणून निर्धास्त होणाऱ्या ए विंगच्या मंडळींनी हे वाचावं. शिवाय रशिया अवकाशात अण्वस्त्र ठेवायच्या तयारीत असल्याचा आरोप अमेरिकेने 2024 मध्ये केला. रशियाने तो फेटाळला, पण अशी शस्त्रं ठेवू नयेत म्हणणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावावर नकाराधिकारही वापरला.

‘आपण पाडून दाखवलाय’. दाखवलाय, आणि अभिमान मलाही आहे. पण 27 मार्च 2019 ला आपण पाडला तो आपलाच मायक्रोसॅट-आर, सुमारे 283 किलोमीटरवर. काकांचा ‘ठाण मांडलेला’ उपग्रह असलाच, तर तो त्याच्या सव्वाशे पट उंच. आणि उंची मुद्दाम कमी निवडली होती, म्हणजे तुकडे लवकर खाली येऊन जळतील. तरी काही तुकडे वर उसळलेच. चीनने जानेवारी 2007 मध्ये स्वतःचा जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडला. त्याचे नोंदले गेलेले तीन हजारांहून जास्त तुकडे झाले आणि त्यातले कितीतरी आजही फिरताहेत. रशियाने नोव्हेंबर 2021 मध्ये कॉसमॉस 1408 हा स्वतःचाच बंद पडलेला उपग्रह फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या सातही जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यात दोन रशियन होते! तुकडा कुणाचा पासपोर्ट बघत नाही. अशा चाचण्या करू नयेत या ठरावाच्या बाजूने डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 155 मतं पडली. भारत तटस्थ राहिला. ग्रुपवर हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘मोबाइल बंद ठेवा’. कशासाठी? उपग्रहाच्या जाळ्यावर खरा हल्ला कसा झाला ते बघा. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर चाल झाली, तेव्हा का-सॅट या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहाच्या जाळ्यावर हल्ला झाला. उपग्रहाला ओरखडाही नाही. जमिनीवरचे मोडेम निकामी केले. मध्य युरोपातल्या 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला.

‘मागे लागलेत म्हणजे युद्ध’. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नळस्टॉपच्या चौकात पीएमपीची बस तुम्हाला आडवी गेली, तर तो पाठलाग नव्हे. पण तीच स्कूटर डेक्कनपासून वारज्यापर्यंत आरशात दिसत राहिली, तर तुम्ही विचार कराल. उपग्रहांचंही तसंच. वेगवेगळ्या कक्षा एकमेकींना छेदतात आणि अंतर किलोमीटरभरावर आलं तरी क्षणात संपतं. कक्षा जुळवून बरोबरीने राहायला मात्र ठरवून इंधन जाळावं लागतं. जानेवारी 2020 मध्ये रशियाच्या कॉसमॉस 2542 ने अमेरिकेच्या यूएसए 245 या हेर उपग्रहाशी अशीच कक्षा जुळवली. हौशी निरीक्षकांनी नुसत्या आकडेमोडीतून ते हेरलं. त्याच्याच पोटातून निघालेल्या कॉसमॉस 2543 ने त्या जुलैमध्ये एक वस्तू वेगाने बाहेर फेकली. रशिया म्हणाला, उपग्रहाची तपासणी. अमेरिका आणि ब्रिटन म्हणाले, शस्त्रचाचणी. अमेरिकाही सोवळी नाही. तिचे खास टेहळणी उपग्रह 2014 पासून त्या 36,000 किलोमीटरच्या पट्ट्यात इतरांच्या जवळ जाऊन बघताहेत.

अडचण अशी की जवळ जाण्याची करामत एकच, हेतू चांगला असो वा वाईट. चीनच्या शिजियान-21 ने 2022 च्या सुरुवातीला आपलाच एक मेलेला उपग्रह ओढून दूर नेऊन टाकला. जिवंत उपग्रह ओढायला वेगळं तंत्र लागत नाही. आपल्या स्पेडेक्सचे दोन उपग्रह 16 जानेवारी 2025 ला एकमेकांना जोडले गेले, तेव्हा काकांनी ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पाडला होता. सीमेपलीकडच्या एखाद्या काकांनी त्या दिवशी काय फॉरवर्ड केलं असेल?

आणि हो काका, गच्चीची किल्ली तुमच्याकडेच असते. अवकाश स्थानक पुण्यावरून कधी जाणार ते नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅपवर मिळतं. या टोकाला उगवतं, पाच-सहा मिनिटांत त्या टोकाला मावळतं. ठाण मांडून बसलेलं दिसलं तर ग्रुपवर टाका.