आंबील ओढा घाण केला कुणी?

पुण्यातला आंबील ओढा एवढा घाण कुणी केला असं विचारलं की आमच्या भागात बहुतेक जण लगेच म्हणतात, काठावरच्या वस्तीवाल्यांनी. मला हे अजिबात पटत नाही.

कचरा दिसतो हे खरंय. पिशव्या, थर्माकोल, जुन्या गाद्या, सगळं आहे, आणि पुलावर गाडी स्लो करून निर्माल्याची पिशवी भिरकावणारे काही वस्तीतले नसतात. पण तो कचरा जेसीबी लावला की निघतो. पाणी काळं पडतं ते मैलापाण्यानं. भर मे महिन्यात पाऊस नसताना ओढ्याला पाणी असतं, ते येतं कुठून? बरंचसं आपल्याच बाथरूम-संडासातून. कुठे ड्रेनेज लाईन फुटलीये, कुठे चेंबर तुंबलंय, कुठे बांधकामाच्या वेळीच लाईन पावसाळी गटाराला जोडून मोकळे झालेत, ते सगळं शेवटी ओढ्यात. त्या घाणीवर वाढणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे मरतात, आणि ऑक्सिजनशिवाय जे कुजतं त्याचा तो सडक्या अंड्यासारखा वास. वरच्या सोसायटीत खिडकी लावून घेता येते, काठावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी काय लावायचं?

आणि हा काही मुळातला नाला नाही हो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला याच ओढ्याचं पाणी अडवून दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं, शहर ते पाणी प्यायचं.

मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते आधी महापालिकेची. गटारं, मलनिस्सारण हे कायद्यानं त्यांचं बंधनकारक काम आहे, आणि पाण्यात घाण सोडू नये यासाठी १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे. 'ओढा स्वच्छ ठेवा' असा बोर्ड लावून ते काम होत नाही. त्यानंतर बिल्डर, ज्यांनी राडारोडा टाकून पात्र आवळत आणलं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथलं कुणी विसरलेलं नाही, ओढ्याला पूर आला आणि टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. आणि मग आपण, सोसायटीवाले. मी मीटिंगमध्ये विचारलं की आपली ड्रेनेज लाईन नक्की कुठे जाते, तर कुणालाच माहिती नाही, ऑफिसात नकाशा पण नाही. वर्षानुवर्षं मेंटेनन्स भरतोय आणि आपलं मैलापाणी कुठे जातं हेच माहीत नाही, आणि बोट मात्र वस्तीकडे! याची मला खरंच चीड येते. हेच पाणी पुढे मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत, आणि तिथून उजनीत जातं. सोलापूरला उजनीचं पाणी पितात लोक.

दर वर्षी पावसाळ्याआधी नालेसफाईचे फोटो येतात, गाळ काढला म्हणून. गाळ काढाच. पण कात्रजपासून मुठेपर्यंत ओढ्यात उघड्यावर पडणाऱ्या किती लाईन आहेत, कुठे आहेत आणि त्यातल्या या वर्षी किती बंद केल्या, ही यादी लोकांसमोर आली पाहिजे. नगरसेवकांना मत मागायला आले की हेच विचारा, रस्त्यातल्या पेव्हर ब्लॉकचं नंतर बघू.

आमच्याकडे प्लंबरला बोलावलंय. संडासात रंग टाकून पाणी सोडायचं आणि खालच्या चेंबरला तो रंग दिसतो का बघायचं, एवढं सोपंय. शेजारच्या सोसायट्यांनी पण करा. रंग ओढ्यात निघाला तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.