रंकाळ्याचा गाळ

रंकाळा आधी दगडाची खण होती, मग आठव्या-नवव्या शतकात कधीतरी भूकंप झाला, पाणी वर आलं आणि तळं झालं. कोल्हापुरातलं प्रत्येक पोरगं ही गोष्ट भेळ खाताखाता ऐकतं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात गाळ काढायचा विषय निघतो आणि त्यावरून याच गोष्टीवर घसरतो. निम्म्यांना ती भाकडकथा वाटते, निम्म्यांना शहराचा अपमान. मी सिएटलहून एवढंच विचारलं, ‘उपसण्याआधी तो गाळ कुणी तपासलाय का?’ उत्तर आलं, ‘भावा, तिथं बसून शानपणा शिकवू नगंस, आधी केंदाळ काढाय ये.’

केंदाळ म्हणजे जलपर्णी. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण इथं माझ्या घरामागं लेक वॉशिंग्टन आहे. इसवी सन ९२३-२४च्या हिवाळ्यात इथली जमीन हादरली, काठावरचं जंगल उतारासकट तळ्यात घसरलं. त्यातली काही झाडं तळाशी अजून उभी आहेत. खोडातली वर्तुळं मोजून तो हिवाळा ठरवलाय. झाडं नसती तरी गाळ बोलला असता. धक्क्यानं पाण्याखालचे उतार ढासळतात, सगळं ढवळतं, मग हळूहळू बसतं. महापुरात घागरीत तुरटी फिरवलेलं पाणी ज्यानं बघितलंय, त्याला सांगायला नको: रेव आधी, चिखल मागनं. पुराचा थरही असाच दिसू शकतो म्हणा. पण पुराचा गाळ पाणी जिथनं आत येतं त्या बाजूला जाड असतो. भूकंप एकाच वेळी चहूकडचे उतार पाडतो. हे थर बघायला गाळात नळी ठोकून त्यांचा उभा नमुना जसाच्या तसा वर काढतात. म्हणून एका नळीवर कुणी विश्वास ठेवत नाही, दहा ठिकाणी नळ्या ठोकतात.

एवढं कळूनही इथल्या जुन्या विटांच्या कितीतरी इमारती मजबूत न करता तशाच उभ्या आहेत. तेव्हा इथलं कौतुक फार नको.

आपल्याकडं ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयना हलली तेव्हा आजीच्या मांडणीवरची भांडी खाली आली होती. ती आठवण आजीबरोबर गेली. रंकाळ्याच्या दगडावर बसलेल्या अगदी खालच्या गाळात पाला-काटक्या सापडल्या, तर त्यांच्यातल्या कार्बनवरून त्यांचं वय, म्हणजे पाणी साधारण कधी आलं ते कळेल. भूकंपानं आलं का, हा पुढचा प्रश्न. हा गाळ डंपरमधनं एकदा कुणाच्या उसाच्या रानात पसरला की मात्र खालचं वर, वरचं खाली.

हे ग्रुपवर लिहिलं. केंदाळवाल्या मित्राचा काल मेसेज: ‘डिसेंबरात येतोस न्हवं? पाईप माझा, भेळ तुझी.’