नैसर्गिक आहे ना नक्की?

नैसर्गिक साबण करायला लागणारी पहिली वस्तू म्हणजे कॉस्टिक सोडा. हे वाक्य मी आजवर एकाही गिऱ्हाइकासमोर पूर्ण करू शकलेले नाही. ‘कॉस्टिक’ एवढं ऐकलं की समोरची बाई हातातली वडी अलगद खाली ठेवते आणि बोटं रुमालाला पुसते.

“तो साबणात राहत नाही हो,” मी घाईघाईने म्हणते. “तेल आणि सोडा मिळून साबण आणि ग्लिसरीन होतं. सोडा संपून जातो.”

“पण घालता ना?”

“घालावाच लागतो. त्याशिवाय साबण होतच नाही.”

“मग नैसर्गिक कसा?”

या प्रश्नावर माझा धंदा उभा आहे आणि याच प्रश्नावर तो रोज आडवाही होतो. तेलाचा साबण होताना नेमकं काय घडतं, ते मिशेल-उजेन शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली चांगला जाडजूड ग्रंथ छापून सांगून ठेवलं आहे. हे गृहस्थ १०२ वर्षं जगले. माझ्या मते त्याचं कारण एकच, त्यांना साबण विकायचा नव्हता.

काही जाणकार गिऱ्हाइकं पुढे सुचवतात, “पूर्वी राख वापरायचे, तुम्ही राख का नाही वापरत?” राखेच्या पाण्यातही क्षारच असतो आणि तोही हात भाजतो. फरक इतकाच, की तो किती तीव्र आहे हे कळत नाही, आणि साबण कडक व्हायच्या ऐवजी बहुधा पिचपिचीत होतो. पण राख म्हटलं की माणसाचा चेहरा कसा निवळतो. राख आजीची वाटते, सोडा कारखान्याचा.

प्रत्यक्ष साबण करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला १३५च्या आसपास. वर पाचेक टक्के तेल मुद्दाम जास्तीचं राखायचं, म्हणजे सोडा शिल्लक राहायची भीती नको. सगळं काट्यावर ग्रॅम-ग्रॅम मोजून. माझ्या आत्याला हे अजिबात पटत नाही. तिच्या मते बाईच्या हाताला अंदाज हवा. मी तिला साबण करताना जवळ उभं राहू देत नाही, ते याच अंदाजामुळे.

सोडा पाण्यात घालायचा असतो, पाणी सोड्यावर ओतायचं नसतं. उलटं केलं तर ते उसळून अंगावर येतं. सोडा पडला की पाणी चुलीशिवायच ८० अंशांच्या आसपास तापतं आणि नाकात जाणारी वाफ सोडतं. त्यामुळे गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, लांब बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं आणि उघडी खिडकी. पहिल्यांदा मला या वेशात बघितलं तेव्हा नवरा दारातच थांबला.

“चेहऱ्याला लावायची वस्तू करायला चेहरा एवढा झाकावा लागतो?”

हे त्याने कुतूहलाने विचारलं होतं, असं तो अजूनही सांगतो.

साबण साच्यात ओतला, दुसऱ्या दिवशी कापला, की तो विकायला तयार झाला असं फक्त गिऱ्हाइकांना वाटतं. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण चार ते सहा आठवडे नुसता हवेवर ठेवावा लागतो. पाणी उडतं, वडी कडक होते, फेस सुधारतो. या काळात घरातली प्रत्येक सपाट जागा साबणाच्या मालकीची असते. पाहुणे आले की आधी खुर्च्यांवरच्या वड्या उचलायच्या आणि मग “बसा ना” म्हणायचं. नवऱ्याच्या ऑफिसच्या कागदांना निलगिरीचा वास येतो. त्याच्या साहेबांनी एकदा काळजीने त्याच्या सर्दीची चौकशी केली.

आणि रंग! गिऱ्हाइकाला गुलाबाचा साबण गुलाबी हवा असतो आणि रंग कृत्रिम नको असतो. निसर्गाचं याबाबतीत वेगळं मत आहे. खरा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, आणि गुलाबाच्या पाकळ्यांना तो सोसत नाही. त्या आत घातल्या की तपकिरी पडतात. बिटाचा रस ओतताना इतका देखणा दिसतो की फोटो काढावासा वाटतो, आणि तो तेव्हाच काढून घ्यावा, कारण बघता बघता त्याचा मातकट पिवळा होतो. जास्वंदही तिथे लाल राहत नाही. लॅव्हेंडरच्या कळ्यांचं तर नाव काढू नये. वाळवलेल्या, जांभळ्या, नाजूक अशा त्या कळ्या वडीच्या माथ्यावर पेरायच्या, आणि ओल लागली की त्या हुबेहूब उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसायला लागतात. जगभरचे साबण करणारे लोक त्यांना याच नावाने ओळखतात, यावरून दुःख किती सार्वत्रिक आहे ते कळेल.

मंजिष्ठेचं मूळ तेवढं बिचारं सोड्यातही गुलाबी राहतं. पण मंजिष्ठेचा गुलाबी रंग शहाण्या माणसासारखा शांत असतो. “जरा फिका नाही वाटत?” गिऱ्हाईक म्हणतं. “आमच्याकडे बाजारातला येतो, तो बघा कसा गुलाबी असतो. तुमच्यात काहीतरी कमी आहे.” कमी आहे खरं. रंग कमी आहे. तो नको असं मघाशी त्यांनीच सांगितलं होतं.

वासाचंही तेच. एक किलो गुलाबतेल काढायला तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. ते तेल साबणात घालायचं तर वड्या बँकेच्या लॉकरमध्येच ठेवाव्या लागतील. लिंबू-संत्र्याच्या सालीची तेलं परवडतात, पण ती साबणात मुक्कामाला राहत नाहीत. वडी तयार होईतो निम्मी उडालेली असतात. “वास टिकला पाहिजे, पण परफ्यूम नको,” असं सांगणाऱ्या बाईंना मी एकदा विचारलं, की कुठल्या फुलाचा वास महिनोन् महिने टिकलेला त्यांनी पाहिलाय? त्या म्हणाल्या, “म्हणून तर साबण घ्यायचा ना!” मला उत्तर सुचलं नाही.

साबणात निदान जंतू सहसा घर करत नाहीत. क्रीममध्ये पाणी असतं, आणि जिथे पाणी तिथे बुरशी आणि बॅक्टेरिया आमंत्रणाची वाट बघत नाहीत. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. माझ्या क्रीममध्ये फिनॉक्सिइथेनॉल असतं, युरोपातल्या नियमाने ठरवलेल्या कमाल १ टक्क्याच्या आतलं. डबीवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ती ओळ गिऱ्हाईक बाकी काहीही वाचायच्या आधी वाचतं.

“हे नसलेलं नाही का?”

“त्याशिवाय टिकणार नाही. जंतू होतील.”

“मग व्हिटॅमिन ई घाला. मी वाचलंय.”

व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही. जंतूंशी त्याचं काही वैर नाही, ते बिनबोभाट शेजारी शेजारी राहतात. हे मी सांगते. गिऱ्हाईक ऐकतं, मान हलवतं, आणि मग सगळी मागणी एका दमात मांडतं. प्रिझर्व्हेटिव्ह नको, वर्षभर टिकलं पाहिजे, फ्रिजमध्ये ठेवायला लागू नये, बोटं घालून वापरता आलं पाहिजे. बुरशी शंभर टक्के नैसर्गिक असते आणि हाताने करावीही लागत नाही, हे वाक्य मी जिभेवर आलेलं गिळते. धंद्यात असली वाक्यं पुष्कळ गिळावी लागतात, माझं पोट त्यांनीच भरतं.

‘नैसर्गिक’ म्हणजे नक्की किती, याचाही शोध मी घेतला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ आणि २०१७ साली दोन भागांत मार्गदर्शक सूत्रं काढली आहेत. त्यांनुसार प्रत्येक घटक किती नैसर्गिक ते आकड्यात काढता येतं, आणि तो आकडा पाणी धरून किंवा पाणी वगळून, दोन्ही प्रकारे सांगता येतो. म्हणजे क्रीम अधिक नैसर्गिक करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्यात पाणी वाढवणं. हे दूधवाल्यांना फार आधीपासून ठाऊक असावं.

मग प्रसिद्धी. माझी एक मैत्रीण जाहिरातीच्या व्यवसायात आहे, तिने वड्या हुंगल्या आणि विचारलं, “हा काय करतो?”

“मळ काढतो.”

“आणखी?”

“धुतला की निघून जातो.”

तिने पेन खाली ठेवलं. तिला हवं होतं ‘मुरुमं मुळापासून घालवतो’, ‘डाग नाहीसे करतो’, ‘त्वचेतली विषद्रव्यं खेचून घेतो’. मी समजावलं, की मुरुमं बरी करतो असं लिहिलं की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, बहुतेक देशांच्या कायद्यात ते औषधांच्या रांगेत जाऊन बसतं आणि मग औषधाचे पुरावे द्यावे लागतात. शिवाय तो खरंच बरी करत नाही. “हे दुसरं कारण कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली. शेवटी आम्ही ‘त्वचेला स्वच्छतेचा अनुभव’ यावर तडजोड केली. अनुभव कुणाला सिद्ध करावा लागत नाही.

मग फोटो. पांढरी वडी पांढऱ्या कापडावर ठेवली की फोटोत नुसतं कापड येतं. शेजारी एक हिरवं पान लागतंच, ते कशाचं का असेना. पान दिसलं की माल नैसर्गिक. दमट हवेत ग्लिसरीन ओल ओढून घेतं आणि वडीला दरदरून घाम फुटतो. मी त्याचे फोटो ‘सकाळचं दव’ म्हणून टाकले. त्यांनाच सगळ्यात जास्त बदाम आले.

व्हिडिओंचं गणित तर अजून उलगडलेलं नाही. साबण कसा वापरावा, कोरडा कसा ठेवावा, यावर मी तळमळीने बोललेला व्हिडिओ घरच्यांनी पाहिला, तोही मी समोर बसवून. साबणाची लांब लादी तारेने कापतानाचा, मी त्यात नसलेला व्हिडिओ मात्र हजारो लोकांनी पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘किती शांत वाटतं बघून’, ‘झोप लागली’, ‘परत कापा’. साबण विकत घ्यावा असं एकालाही वाटलं नाही. कापलेला साबण परत कसा कापायचा?

चौकशीचे संदेश बाकी भरपूर येतात. ‘किंमत?’ एवढंच लिहिलेलं असतं. मी किंमत सांगते, घटक सांगते, तेलांची नावं सांगते, कातडीचा प्रकार विचारते. पलीकडे दोन निळ्या खुणा उमटतात आणि ते माणूस माझ्या आयुष्यातून कायमचं निघून जातं. त्याहून अवघड म्हणजे नातेवाईक. त्यांना वडी विकायची सोय नसते आणि फुकट दिली तर अभिप्राय येत नाही. धाकट्या वहिनीला विचारलं, “कसा वाटला साबण?” ती म्हणाली, “इतका छान आहे ना, वापरवतच नाही. कपड्यांच्या कपाटात ठेवलाय.” एक वडी संपली की माणूस दुसरी घेतो, या गृहीतकावर मी घराबाहेर पाऊल टाकलं होतं.

एका प्रदर्शनात टेबलही मांडलं. लोक येतात, ओळीने सगळे साबण हुंगतात, चौथ्यानंतर नाक बधिर होतं आणि “सगळ्यांना सारखाच वास आहे” म्हणत पुढे जातात. एका गृहस्थांनी नमुन्याची क्रीमची डबी दोन्ही कोपरांना आणि टाचांना लावून संपवली आणि मला ‘प्रगती आहे’ असा शेरा दिला. दुपारी ऊन टेबलावर आलं. कोको बटर ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान वितळतं, ओठांवर विरघळावं म्हणूनच तर ते वापरायचं. पण ओठ आणि ऊन यांत ते भेदभाव करत नाही. लिप बामचं तेल झालं. शिया बटर आधी वितळलं, मग संध्याकाळी सावकाश गोठलं आणि सावकाश गोठल्यामुळे त्याचा रवा झाला. एका बाईंनी तो बोटाने चोळून पाहिला. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तोच त्या खूश होऊन म्हणाल्या, “अरे वा, स्क्रबसुद्धा आहे का?” मी तोंड मिटलं. होता तेवढा सगळा स्क्रब त्या दिवशी खपला.

सध्या मात्र मी घाईत आहे, कारण एका बाईंकडून एकगठ्ठा मागणी आली आहे, भेट म्हणून वाटायला. सगळ्या वड्या एका मापाच्या, एका रंगाच्या, एका वजनाच्या हव्यात अशी त्यांची अट होती. म्हणून मी नवा साचा आणला, कापायची नवी चौकट आणली आणि वड्या अशा काटेकोर निघाल्या की नवऱ्यानेसुद्धा गॉगलवर काही न बोलता दाद दिली. नमुना पाठवला. उत्तर आलं, “छानच, पण हाताने केल्यासारखं वाटत नाही हो.” तेव्हा आता वड्या वाळल्यात, पत्त्यांची यादी आली आहे, आणि मी व आत्या समोरासमोर बसून चमच्याच्या पाठीने त्यांच्या कडा थोड्या थोड्या वाकड्या करतो आहोत. किती वाकड्या करायच्या ते आत्या ठरवते. तिच्या हाताला अंदाज आहे.