मॅग्नेट क्लीनरने काचेवर चरे पडल्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्या आहेत. फिश टँकची काच पुसायचा मॅग्नेट क्लीनर (चुंबकाचा एक तुकडा आत, एक बाहेर, मध्ये काच) महिन्याभरात सैल पडला, काचेवर चरे उठले, हिरवे ठिपके निघत नाहीत आणि पाण्याच्या पातळीवरची पांढरी रेघ तशीच आहे. पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे आणि दुसरी बहुतेक पहिलीतूनच आली आहे, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

तुमच्या फोटोत टँकची वरची कड दिसते. चार फूट लांब, दोन फूट उंच, काच 12 मिमीची वाटते. तुम्हाला दिलेला क्लीनर मधल्या साइजचा, 8 मिमीपर्यंतच्या काचेसाठी. दीड फूट उंचीचे चार फुटी टँक बऱ्याचदा 8 मिमीत बनतात, म्हणून 'चार फुटी' ऐकलं की हात मधल्या साइजकडे जातो. पण पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. उंची वाढली की काच जाड घ्यावी लागते. काउंटरवर जाडी विचारायलाच हवी होती, ती विचारली गेली नाही.

मॅग्नेट मात्र उतरलेला नाही. आत निओडिमियम हा जोरदार चुंबक आहे, त्याची ताकद महिन्याभरात कमी होत नाही. दोन तुकड्यांमधलं अंतर दीडपट झालं की पकड दीडपटीने नाही, त्याहून कितीतरी जास्त घटते. पहिले काही दिवस काच जवळपास स्वच्छ होती, पॅड सहज सरकत होता, म्हणून ही उणीव जाणवली नाही. शेवाळाचा थर बसला, पॅड अडायला लागला आणि आतला तुकडा सुटून खाली पडू लागला.

चरे इथूनच सुरू होतात. आतला तुकडा वाळूत पडतो, आपण बाहेरचा मॅग्नेट खाली नेऊन त्याला पकडतो आणि तसाच वर ओढतो. पॅडच्या धाग्यांत अडकलेले वाळूचे कण आता काच आणि पॅड यांच्यामध्ये दाबले जातात, वर मॅग्नेटचा जोर. काचेचा कठीणपणा मोह्जच्या 1 ते 10 च्या मापात साधारण साडेपाच, वाळूतल्या क्वार्ट्झचा 7. अशा वेळी काचच हरते. फोटोतले चरे खालच्या दोन-अडीच इंचांत आहेत, कमानीसारखे आणि एकमेकांना समांतर. हात वळवताना एखादा कण फिरला की अशीच खूण उमटते. पॅडच खरखरीत असता तर चरे वरपासून खालपर्यंत सगळीकडे दिसले असते. त्यात तुमच्याकडे फ्लॉवरहॉर्न मासा. तो वाळू उकरतो, उडवतो, तिचे कण काचेवरच्या शेवाळात चिकटतात. त्यामुळे क्लीनर खाली पडला नाही तरी तळाजवळची पट्टी धोक्याचीच.

नखाला लागणारा चरा असेल तर त्याचा नाद सोडा. सेरियम ऑक्साइड या काच घासायच्या पावडरीने पॉलिश करता येतं, पण त्यासाठी टँक पूर्ण रिकामा करावा लागतो, तासन् तास घासावं लागतं, आणि खोल चरा काढताना काचेत लाटेसारखा खळगा पडतो, तो चऱ्यापेक्षा वाईट दिसतो. नखाला न लागणारे आतल्या बाजूचे बारीक चरे पाणी भरल्यावर बरेचसे लपतात.

आता वापराबद्दल. हे विकताना सांगायला हवं होतं. क्लीनर रात्रंदिवस टँकमध्ये चिकटवून ठेवू नका, पॅडमध्ये घाण साचत राहते. प्रत्येक वेळी घालण्याआधी आतला तुकडा नळाखाली धरा, पॅडवर अंगठा दाबून फिरवा. एक जरी कण टोचला तरी जुन्या टूथब्रशने धागे उलट्या दिशेने झाडा. तरी निघाला नाही तर पॅड बदला. साबण अजिबात नको. बाहेरच्या तुकड्याचं फेल्ट (काचेला टेकणारं मऊ कापड) कोरडं आणि धूळमुक्त ठेवा, नाहीतर चरे बाहेरून पडतात, आणि ते पाण्याने लपतही नाहीत.

आतला तुकडा हाताने वरच्या बाजूला काचेला टेकवा, मग बाहेरचा कडेने सरकवत त्याच्यासमोर आणा. समोरासमोर धरून सोडला तर खाडकन आदळतो. वरून खाली सरळ पट्ट्यांत, सावकाश चालवा. भराभर ओढलं की योग्य साइजचा मॅग्नेटसुद्धा सुटतो. वाळूच्या वर चार बोटं अंतर राहिलं की थांबा. कोपऱ्यात सिलिकॉनपासून बोटभर लांब राहा, कारण पॅडची कड सिलिकॉन उचकटते आणि तिथे पुढे गळती लागू शकते. कोपऱ्यावरून मॅग्नेट वळवून दुसऱ्या काचेवर न्यायचा प्रयत्न करू नका. तुकडा खाली पडलाच तर हाताने किंवा लांब चिमट्याने बाहेर काढा, धुवा, मग परत लावा. मॅग्नेटने वर ओढायचा मोह होतो, तेवढा टाळा. (फ्लॉवरहॉर्नच्या टँकमध्ये हात घालायची हौस कोणालाच नसते, कल्पना आहे. मध्ये जाळी किंवा डिव्हायडर सरकवून त्याला एका बाजूला ठेवा.) खालची चार बोटांची पट्टी लांब दांड्याच्या स्क्रेपरने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने काढा. हे सगळं पाणी बदलायच्या आधी केलं तर सुटलेलं शेवाळ पाणी काढायच्या नळीतून (सायफन) निघून जातं.

हिरवे ठिपके हे मॅग्नेटचं कामच नाही. हा क्लीनर पुसणारा आहे, खरवडणारा नाही. तपकिरी पावडरसारखा थर आणि कोवळं हिरवं शेवाळ तो दोन मिनिटांत काढतो, तेही दर दोन-तीन दिवसांनी फिरवलात तर. महिन्यातून एकदा फिरवायचं साधन हे नव्हे. काचेला घट्ट धरलेले गोल ठिपके स्टीलच्या पात्यानेच निघतात. पातं काचेशी साधारण 45 अंशांत धरा, नवीन पात्याला तेल असतं ते आधी पुसा, गंज दिसला की फेकून द्या. अॅक्रिलिकच्या टँकला पातं लावायचं नाही, तुमची काच आहे म्हणून चालेल. ठिपके परत येऊ नयेत म्हणून लाइट आधी कमी करा. तुम्ही रिव्ह्यूत सकाळी सात ते रात्री दहा लिहिलं आहे, म्हणजे 15 तास. टायमर लावून ते सहा-सातवर आणा, टँकवर थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. हे ठिपके खाणाऱ्या नेराइट गोगलगायी मिळतात, पण तुमच्या माशापुढे त्यांचा निभाव लागणार नाही, म्हणून तुम्हाला विकणार नाही.

पांढरी रेघ शेवाळ नाही, क्षार आहेत. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात ती येतेच. पाणी तीन इंच खाली उतरवा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं सुती कापड रेघेवर 10-15 मिनिटं चिकटवून ठेवा, पुसा, साध्या पाण्याच्या फडक्याने परत पुसा. व्हिनेगर टँकमध्ये ठिबकू देऊ नका.

ऑनलाइन हाच क्लीनर निम्म्या किमतीत मिळतो, असंही तुम्ही म्हटलं आहे. तशाच दिसणाऱ्या स्वस्त क्लीनरमध्ये बऱ्याचदा फेराइट मॅग्नेट असतो, त्याच आकारात तो खूपच कमी ओढतो. 12 मिमीवर तो टिकणार नाही. आणि कुठूनही घ्या, पण प्लास्टिकच्या खोक्याला तडा गेला की वापरणं बंद करा. आत पाणी गेलं की मॅग्नेट गंजतो, फुगतो.

काच आम्ही बदलून देऊ शकत नाही. क्लीनर परत घेऊन 12 मिमीला चालणारा मोठा, तरंगणारा क्लीनर देतो, वरचा फरक लावणार नाही. तरंगणारा सुटला तर वर येतो, वाळूत जात नाही. एक ध्यानात ठेवा, मोठ्या साइजचे दोन तुकडे मध्ये काच नसताना एकत्र आणू नका, बोट सापडलं तर नख जातं. घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी सांगा, मग मॅग्नेटऐवजी दांड्याचा स्क्रेपर देऊ.

येण्याआधी टँकच्या वरच्या कडेला पट्टी लावून जाडी एकदा मोजून घ्या, फोटोवरचा आमचा अंदाज चुकू शकतो. बिल सापडलं नाही तरी चालेल, जुना क्लीनर मात्र पॅडसकट आणा.